बावीस रविवारांचं अस्तर

श्रावण संपत आला होता, तेव्हा वेल्डर भाऊजी घरी आले. ते बारामती एमआयडीसीत वेल्डिंगची कामं करतात. माझा नवरा तिथल्याच एका डेअरीत फिटर होता. वीस वर्षांच्या मैत्रीत दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. एक फिटर, दुसरा वेल्डर. त्या दिवशी चहा संपेपर्यंत भाऊजी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. तिथं सूट उभा होता. पांढरा आणि राखाडी, छातीवर जाड कवच, खांद्यांवर आणि मांड्यांवर वाट्या, पाठीवर टाकी, डोक्याला काळ्या काचेचं शिरस्त्राण. दुसऱ्या एखाद्या ग्रहावर उतरणाऱ्या माणसानं घालावा असा, आणि सगळा घरी बनवलेला.

"वहिनी, राग नगा मानू," ते म्हणाले. "औंदा मंडळाचा देखावा चंद्रावरचा हाय. इसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीच्या म्होरं मी ह्यो घालून चालतो. फिटर दवाखान्यात म्हणला व्हता मला, कोपऱ्यात उभा करून ठिवू नगा, चालवा."

"मलाही म्हणाले होते," मी म्हणाले.

"पण मी त्यात मावत न्हाय. आतल्या त्या पट्ट्या काढाव्या लागत्याल."

मी आठ दिवस मागून घेतले. पट्ट्या काढायला एक दुपार पुरली असती, हे त्यांनाही कळत होतं.

आम्ही भवानीनगरला राहतो. बारामती आणि इंदापूर यांच्या मधे हे गाव आहे, आणि आमचा संसारही तसाच दोन्हीकडे ओढलेला होता. तो सकाळी मोटरसायकलवर बारामतीला जायचा, मी एसटीनं इंदापूरला. तिथल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. सकाळचं ऊन माझ्या डोळ्यांवर आणि त्याच्या पाठीवर असायचं. संध्याकाळी परततानाही तसंच. "सूर्याची तुझ्याशी कायतरी खुन्नस हाय," असं तो म्हणायचा. आम्हाला मूल नाही. घरात तो, मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. आठवड्यात आम्हा दोघांना एकत्र मिळायची ती रविवारची दुपार. त्या वेळी तो काहीतरी दुरुस्त करत बसायचा आणि मी त्याला वाचून दाखवायचे. त्याला स्वतः वाचायचा कंटाळा होता, पण ऐकायचा मात्र नीट, मधेमधे हातातलं काम थांबवून.

एका रविवारी मी एक विज्ञानकथा वाचत होते. तिच्यातला माणूस एका लाल ग्रहावर एकटा अडकतो आणि चाळीस दिवस अंगावरचं कवच काढू शकत नाही. काढलं तर मरेल. लेखकानं त्याच्या एकटेपणावर चार पानं छान लिहिली होती. ती मी मुद्दाम सावकाश वाचत होते. तेव्हा नवऱ्यानं पान्हा खाली ठेवला आणि विचारलं, "त्याला पाठीत खाज सुटली तर?"

मी म्हणाले, ते काही लिहिलेलं नाही.

"चाळीस दिवस? पाठीत? मग ह्या लेखकानं कवच कधी घातलेलंच न्हाय." त्यानं पान्हा परत उचलला. "बघू करून."

अशी सुरुवात झाली. एका चाळिशी ओलांडलेल्या फिटरनं असलं काही का करावं, हे मला पुष्कळांनी विचारलं. प्रश्नाचं उत्तर हवं होतं म्हणून, एवढंच मला माहीत आहे.

बारामतीहून त्यानं चपलांचे तळ कापतात ती फोमची शीट आणली, ती चिकटवायचं सोल्युशन आणलं आणि फोम गरम करून वाकवायला कंपनीतल्या कुणाकडून तरी हीट गन मागून घेतली. गुडघ्यांमागच्या नळ्या ठिबक सिंचनाच्या होत्या. पाठीवरची टाकी म्हणजे डाळिंबावर फवारायचा जुना पंप, त्याच्या पट्ट्यांसकट. शिरस्त्राण त्याच्या स्वतःच्या जुन्या हेल्मेटवर चढवलेलं. त्याच दिवसांत माझा गुलाबी कंगवा हरवला. तो मी एसटीत विसरले, असं आत्यांनी ठरवून टाकलं.

कवच अंगावर बसायचं तर आधी अंगाचा साचा हवा. त्यासाठी त्याला जुना बनियन घालून उभं केलं आणि डेअरीत खोक्यांना गुंडाळतात ती पातळ फिल्म मी त्याच्याभोवती गुंडाळली, कमरेपासून गळ्यापर्यंत. तिच्यावर रुंद चंदेरी टेपचे तीन थर दिले. हात आडवे धरून तो तासभर उभा होता. आत्या दारात बसून शेंगा सोलत होत्या.

"ह्ये मेल्यावर करायचं जिवंतपणी काय करतीस गं?" त्या म्हणाल्या.

"आई, मेल्यावर एवढी टेप कोण लावतंय? महाग हाय ती," तो म्हणाला.

मग मी पाठीवरून कात्रीनं साचा उभा चिरला आणि तो शर्ट काढावा तसा त्यातून बाहेर आला. चिरलेली जागा परत चिकटवली. आता साचा भरायचा. आमच्या भागात भरायला काय मिळणार? तो गुऱ्हाळावरून पोतंभर वाळलेली चिपाडं घेऊन आला, चेचून गच्च भरली, तळ बंद केला. साचा ताठ उभा राहिला. चौथ्या दिवशी सकाळी आत्यांची हाक आली, "उठा रं, त्येच्या अंगातनं मुंग्या निघाल्यात." उसात जरा जरी गोडी उरली असेल तर मुंगी सोडत नाही, हे ज्याचा जन्म उसात गेला त्याला सुचू नये याचं मला हसू आवरेना. साचा अंगणात नेऊन रिकामा केला आणि जुन्या कपड्यांनी भरला. त्याचे विटलेले शर्ट, दोन पँटी, आत्यांचं एक लुगडं, माझ्या दोन साड्या.

खरी चूक मात्र वेगळीच होती, आणि ती त्याची होती. टेप गुंडाळताना तो पोट आत ओढून उभा राहिला होता. तासभर. का, तर साच्यात पोट दिसू नये म्हणून. त्यामुळे साच्यावर बेतलेलं कवच साच्याला चपखल बसायचं आणि त्याला बसायचं नाही. पाठीमागचा पट्टा चार बोटं कमी पडायचा. तो पट्टा फवारणीच्या पंपाचाच होता, आणि त्याचं बकल त्यानं पाठीवर, दोन खांद्यांच्या खाली घेतलं होतं.

"हे चुकलंय," वेल्डर भाऊजी तेव्हाच म्हणाले होते. "बकल फुडं पायजे. एकट्याला घालता येत न्हाय ह्यो."

"ही हाय की लावायला," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

दर रविवारी तो कवच चढवायचा, मी मागून म्हणायचे, "श्वास सोडा", आणि पट्टा ओढायचे. चार बोटं. पुढचे काही रविवार चारच. मग तीन झाली. मग दोन. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी बकल टक् करून लागलं.

तो खोलीभर चालला. आत्यांनी त्याची दृष्ट काढण्याचं नाटक केलं. "बघ, उतरलं का न्हाय पोट? उगंच म्हणत व्हतीस," तो मला म्हणाला. खरं तर त्यानं खाणं कमी केलं नव्हतं. व्यायाम केला नव्हता. ते मला माहीत होतं, कारण ताटात वाढत मीच होते. तरी मला आनंद झाला. संध्याकाळी आम्ही जिलेबी आणली, आणि त्यानं दोनच खाल्ल्या, तेव्हाही मला वाटलं की आता हा मनावर घेतोय.

पुढं डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? तो माझ्याकडे बघायला लागला. मला तारीख नाही, बोटं आठवत होती. चार, तीन, दोन. सगळ्यांच्या आधी माझ्या हातांना कळलं होतं आणि माझ्या हातांनी जिलेबीचा पुडा सोडला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

दिवाळीनंतर औषधं सुरू झाली. पुण्याला जाऊन यायचं, चार दिवस पडून राहायचं, मग परत. पण रविवार आम्ही सोडले नाहीत. कवच आता सैल व्हायला लागलं. पहिल्या रविवारी त्यानं बगलेखाली आतून फोमची एक पट्टी चिकटवली आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलं, "र. १". पुढच्या रविवारी कमरेजवळ, "र. २". दवाखान्यात ते त्याला काट्यावर उभं करायचे आणि आकडा कागदावर लिहायचे. घरी आमचं माप हे होतं. किलो म्हटलं की आत्या रडायच्या. पट्टी म्हटलं की कुणी रडत नसे.

"मी बारीक होत न्हाय," तो भाऊजींना म्हणाला, "सूट वाढाय लागलाय. वाढीचं वय हाय त्याचं."

"लग्नाला काढू मग त्याला," भाऊजी म्हणाले, आणि बाहेर जाऊन मोटरसायकलजवळ बराच वेळ उभे राहिले.

पहिल्या दहा पट्ट्या त्यानं लावल्या. अकराव्यापासून मी. आकडे मात्र तो लिहायचा, अक्षर वाकडं होत गेलं तरी. शेवटी तो उभा राहू शकत नसे. मग खाटेवर बसून फक्त छातीचं कवच चढवायचं, मी मागून बकल लावायचे आणि तो डोळे मिटून पाच मिनिटं तसाच बसायचा. मी एकदा विचारलं, त्रास होतो का? तो म्हणाला, "न्हाय. धरून ठेवल्यावानी वाटतं." बावीस पट्ट्या झाल्या. तेविसावा रविवार आला नाही.

दहाव्याला त्याचे कपडे गेले. आमच्याकडे गेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. दिरांनी कपाट मोकळं केलं, गाठोडं बांधलं, आणि मला विचारलं, "आजून काय ऱ्हायलंय का?" कवचाच्या आत साचा होता आणि साच्याच्या आत त्याचे शर्ट होते. मी म्हणाले, काही नाही.

त्यानंतर मी कामावर जाऊ लागले. एसटीत तीच खिडकी, तेच ऊन. घरी आलं की चपला काढताना कोपऱ्यातला तो उभा दिसायचा. दोन-तीनदा मी "आलात?" असं म्हणूनही गेले असेन. वाचणं सुटलं. म्हणजे मी वाचत होते, पण मोठ्यानं नाही, आणि मनातल्या मनात वाचलेलं मला आठवत नसे. मधे कुणी प्रश्न विचारत नाही, तेव्हा पुस्तक फार लवकर संपतं.

भाऊजी येऊन गेल्यावर पाच दिवस मी सूटला हात लावला नाही. सोल्युशन पक्कं असतं. पट्टी ओढली की फाटते, ती परत लावता येत नाही. त्या बावीस पट्ट्यांच्या आत जी पोकळी उरली होती ती त्याच्या शेवटच्या अंगाची होती. तसं माप जगात दुसरीकडे कुठं नव्हतं. ते काढून तिथं दुसरा माणूस शिरणार, चांगला धट्टाकट्टा, हसणारा. भाऊजींचा राग येण्याचं काही कारण नव्हतं. तरी आला.

सहाव्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवणं झाल्यावर साच्यावर बकल न लावता नुसतं अडकवलेलं कवच मी उतरवलं आणि का कोण जाणे, स्वतःच्या अंगावर चढवलं. मला वाटलं होतं मी त्यात हरवून जाईन. तसं झालं नाही. बगलांना, कमरेला, पाठीला, सगळीकडे ते मला येऊन टेकलं. साडीवरून सुद्धा बरोबर बसलं. मी पाच फुटांची, अंगानं किरकोळ बाई आहे. शेवटी तो माझ्याएवढा झाला होता. मी रोज त्याला उचलून बसवत होते, अंघोळ घालत होते, आणि तरी हे मला आत्ता समजत होतं.

मागचं बकल लावायला हात पुरेना. खूप प्रयत्न केला. शेवटी मी आत्यांना हाक मारली.

त्या आल्या, दारात थांबल्या. मागं येऊन पट्टा हातात घेतला. त्यांना बकल जमेना, बोटं संधिवातानं वाकलेली आहेत. मी सांगत गेले, आधी खालून घ्या, मग ओढा. टक् झालं. त्या तशाच मागं उभ्या राहिल्या आणि त्यांनी कवचाच्या कडेतून आत हात घातला. एकावर एक पट्ट्या चाचपल्या.

"एवढ्या?" त्या म्हणाल्या.

"बावीस."

"आन् त्या साच्यात कापडं हायेत त्येची. म्हायती हाय मला. माझं लुगडं बी हाय त्यात."

त्यांनी हात बाहेर काढला. मग म्हणाल्या, "त्येला आता असा वाळल्याला नगं ठिवूस, बाई."

बकल काढून त्या आत निघून गेल्या. मी जमिनीवर बसले, कवच मांडीवर उपडं घेतलं आणि बाविसावी पट्टी ओढली.

शेवटून सुरुवात केली, कारण तीच सगळ्यात वर होती. एकवीस, वीस. ही मी लावलेली. ह्या दिवशी त्यानं पेज घेतली होती. सोळा. ह्या दिवशी तो उठून अंगणापर्यंत गेला. अकराच्या आत गेले तसं अक्षर सरळ होत गेलं. पट्ट्याही नीट कापलेल्या, कडा घासलेल्या, फिटरच्या हाताच्या. आठ. सात. मी प्रत्येक पट्टीला थोडी जागा मोकळी करत होते आणि तो आत हळूहळू भरत होता. असं लिहिलं की खोटं वाटतं, पण हातांना तसंच लागत होतं. दुपारभर मी एकदाही उठले नाही.

चौथी पट्टी पाठीची होती, बरोबर दोन खांद्यांच्या मधली. ती ओढली तर तिच्याखाली काहीतरी गुलाबी दिसलं.

माझा कंगवा. सायकलच्या ट्यूबच्या रबरावर ताणून बसवलेला, दात आतल्या बाजूला. त्याला नायलॉनची दोरी, दोरी ठिबकच्या बारीक नळीतून उजव्या खांद्यावरून बाहीत गेलेली, आणि तिथून हातमोज्यापर्यंत. टोकाला बोटात अडकवायचा फासा. मी फाशात बोटं घातली आणि मूठ आवळली. कंगवा खर्र करून वर सरकला. सोडली, खाली आला.

त्यानं उत्तर काढलं होतं. कधीच काढलं होतं, जिलेबीच्याही आधी. चौथ्या रविवारी त्यानं स्वतःच्या हातानं त्याच्यावर पट्टी चिकटवली आणि मला काही बोलला नाही. बहुतेक सूट पूर्ण झाल्यावर मला दाखवणार होता. किंवा कंगव्याबद्दल बोलणी खावी लागतील म्हणून गप्प बसला. मी खूप वेळ मूठ आवळत आणि सोडत बसले होते. मग उरलेल्या तीन काढल्या.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी भाऊजी घरीच आले, कारण बकल लावायला माणूस लागतो आणि ते कसं लावायचं ते मलाच माहीत. आमच्या घरात त्या वर्षी गणपती नव्हता. वर्षाच्या आत सण करत नाहीत, आणि मी मिरवणुकीलाही जाणार नव्हते. मी त्यांच्या अंगावर एकेक भाग चढवला. छातीचं कवच घातल्यावर मागं जाऊन सवयीनं म्हणाले, "श्वास सोडा." भाऊजींनी सोडला. पट्टा ओढला, बकल लागलं.

"उजव्या हातात फासा आहे," मी सांगितलं. "पाठीत खाज सुटली तर मूठ आवळा."

त्यांनी आवळली. मग काच वर करून ते म्हणाले, "ह्यो माणूस लई बेनं व्हता, वहिनी." त्यांचे डोळे भरले होते. पुसायला येईनात, हातमोजे जाड होते. मी पदरानं पुसले.

मिरवणूक आमच्या घरावरून गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी आणि आत्या गच्चीत कठड्याच्या थोडं मागं उभ्या होतो. आधी ढोल, मग ट्रॅक्टर, ट्रॉलीत चुन्यानं रंगवलेला चंद्र, आणि त्याच्या पुढं तो. पांढरा, रुंद, जड पावलं टाकत. लोक बाजूला होऊन बघत होते. पोट बरोबर तिथंच होतं जिथं त्याचं असायचं. आमच्या घरासमोर येऊन तो थांबला. वर बघितलं नाही. उजव्या हाताची मूठ एकदा आवळली, सोडली, परत आवळली.

"थांबला का गं त्यो?" आत्यांनी विचारलं.

"खाज सुटली असेल," मी म्हणाले.

तो पुढं निघाला. ढोल कालव्याच्या दिशेनं लांब जात राहिले. मिरवणूक संपली की भाऊजी परत इथंच येणार होते, बकल त्यांना एकट्याला काढता येणार नव्हतं. मी आत्यांना हात धरून खाली आणलं, ओसरीवरचा दिवा लावला आणि पायरीवर बसून राहिले.